बोलतं ठेवायचं काम

माझ्या भाचीला मेंदूविज्ञानाची पदवी मिळाली, त्याच आठवड्यात शेजारच्या काकू तिला डोकं दाखवायला आल्या. माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासायच्या खुर्चीत बसकण मारून त्या म्हणाल्या, "उजवीकडे ठणकतंय गं, बघ जरा."

"काकू, मी डॉक्टर नाही."

"मग इतकी वर्षं मेंदूचं काय शिकलीस?"

"मेंदू काम कसं करतो, ते."

"अगं, मग माझा का करत नाही ते तरी सांग!"

भाचीनं त्यांना पाणी दिलं आणि मी चष्म्याचा नंबर तपासला. नंबर वाढला होता. काकू नवा चष्मा घेऊन खुश होऊन गेल्या. भाची मात्र खुश नव्हती. आज काकूंनी विचारलं, उद्या सगळं जग विचारणार, हे तिला कळून चुकलं होतं.

घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ. विद्यापीठ माझ्या गावात आणि तिचे आईवडील दुसऱ्या गावात, म्हणून शिकायला माझ्याकडे आली आणि दुकानावरच्या दोन खोल्यांतली एक तिनं कायमची बळकावली. मी एकटीच राहते, त्यामुळे तक्रार करायला कुणी नव्हतं.

मेंदूचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं तेही डोक्यावर पडूनच. शाळेत असताना सुट्टीला आली होती, तेव्हा उतारावर सायकलवरून आदळली. रक्त नाही, जखम नाही, पण उठून बसली ती एकच विचारत राहिली, "मावशी, माझी चप्पल कुठंय?" मी सांगायचे, "ही काय, तुझ्या पायात." ती बघायची, हसायची, आणि दोन मिनिटांनी पुन्हा, "मावशी, माझी चप्पल कुठंय?" मला हसावं की रडावं कळेना. डॉक्टरांनी तपासलं, घाबरू नका म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत ती खरंच ठीक झाली. फक्त ती दुपार तिच्या डोक्यातून पुसली गेली. दुसऱ्या दिवशी मी हसत हसत सगळी हकिगत सांगितली, तर ती हसली नाही. म्हणाली, "मावशी, मी तिथं नव्हते, तर मग तुझ्याशी बोलत कोण होतं?"

याचं उत्तर चष्म्याच्या दुकानात मिळत नाही, म्हणून ती मेंदूवरची पुस्तकं धुंडाळायला लागली.

तर पदवी हातात आली आणि पुढं काय यावर खल करायला ताई आणि भावोजी माझ्याकडे आले. भावोजींचं जळालेल्या मोटारी पुन्हा बांधून द्यायचं वर्कशॉप आहे. पंपाच्या, पंख्याच्या, पिठाच्या गिरणीच्या मोटारी. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता त्यांच्या बोटांना कायमचे घट्टे पडलेत. जेवण झाल्यावर ते म्हणाले, "हे बघ भिंगरी, मोटर जळली की माणूस माझ्याकडे येतो. दात दुखला की दातवाल्याकडे जातो. तुझ्याकडे कोण येणार, कशाला येणार, एवढंच मला सांग."

भिंगरीकडे उत्तरं होती, पण एकही पायावर उभं राहणारं नव्हतं. संशोधन करता येईल. औषधांच्या कंपनीत जाता येईल. शिकवता येईल. ताई म्हणाली, "शिकव ना मग. सुट्ट्या तरी असतात." भिंगरी म्हणाली, "आई, अजून मलाच काही कळलेलं नाही, मी दुसऱ्यांना काय शिकवू?" त्यावर भावोजी म्हणाले, "त्यानं कुणाचं अडलंय?" आणि सगळे हसले. पण हसण्यावारी नेऊन प्रश्न सुटत नसतो.

शेवटी तिच्या विभागातल्या एका मॅडमनी तिला आपल्या प्रयोगशाळेत पीएचडीसाठी घेतलं. उंदरांच्या स्मरणशक्तीवर काम होतं. भिंगरीचा हात हलका. केसापेक्षा बारीक तारा उंदराच्या मेंदूत नेमक्या जागी बसवण्यात तिचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं, असं मॅडम स्वतः मला एकदा म्हणाल्या. सगळ्यांना वाटलं, झालं, गाडी रुळावर आली.

पण घरी येणारी भिंगरी दिवसेंदिवस मुकी होत चालली. पहिल्यांदा मला वाटलं, उंदीर मारावे लागतात म्हणून मन खात असेल. विचारलं तर म्हणाली, "ते वाईट वाटतंच गं. पण त्रास त्याचा नाही. दिवसभर मी विचारत असते आणि समोरून कुणी बोलत नाही. तो डावीकडे वळला की उजवीकडे, त्यावरून मी ओळखायचं, त्याला काय आठवलं. मॅडमना त्यातच आनंद होतो. त्यांचा चेहरा उजळतो गं, मावशी. माझा उजळत नाही."

तिनं सोडायचं ठरवलं तेव्हा मॅडम भयंकर चिडल्या. "तुझ्याऐवजी मी दुसऱ्या कुणाला घेतलं असतं," म्हणाल्या. ते खरंच होतं, आणि म्हणूनच भिंगरीला लागलं. ताईनं फोनवर रडून घेतलं. भावोजी फक्त एवढंच म्हणाले, "अर्धी बांधलेली मोटर कुणी नेत नाही."

मग तिला एका कंपनीत नोकरी लागली. लोकांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची, त्यांना बिस्किटांच्या पुड्यांची आणि शांपूच्या बाटल्यांची चित्रं दाखवायची, आणि कुठल्या चित्राला मेंदू जास्त दाद देतो ते मोजायचं. पगार उत्तम. ऑफिसात झाडं, कॉफीचं यंत्र, गुबगुबीत खुर्च्या. भावोजींची छाती फुगली. वर्कशॉपात येईल त्याला सांगायचे, "आमची मुलगी मेंदू वाचते."

ते ऐकून भिंगरी खजील व्हायची. एके दिवशी चित्रं बघायला एक मध्यमवयीन बाई आल्या होत्या. काम संपलं, भिंगरी त्यांच्या केसातला चिकट लेप पुसत होती, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "ताई, आत काही वाईट तर नाही ना दिसलं? मला हल्ली नावं आठवत नाहीत." भिंगरीला माहीत होतं, या यंत्रानं तसलं काही दिसत नाही. तिनं तसं सांगितलं आणि डॉक्टरांना दाखवा म्हणाली. बाई बरं म्हणून गेल्या. घरी आल्यावर मात्र ती मला म्हणाली, "मावशी, आज पहिल्यांदा कुणीतरी मला खरा प्रश्न विचारला. आणि मी बिस्किटाच्या बाजूला उभी होते."

त्यानंतर दोनेक महिन्यांत तिनं ती नोकरी सोडली आणि मोठ्या हॉस्पिटलमध्ये ईईजी काढायच्या खोलीत रुजू झाली. ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख. फिट येणारी मुलं, बेशुद्ध पडणारे म्हातारे, सगळे तिथं येतात. खोली तळघरात, खिडकी नाही, खुर्ची एका बाजूला कललेली. ताई बघायला आली आणि तिचं अवसानच गळालं. "एवढं शिकून लोकांच्या डोक्याला चिकटपट्ट्या लावायच्या? हे तर बारावीनंतरही जमलं असतं."

"जमलं असतं," भिंगरी म्हणाली. तिनं वाद घातला नाही. ती मला तेव्हा पहिल्यांदा मोठी झालेली दिसली.

त्या तळघरात तिची गाठ मोठ्या बाईंशी पडली. त्या हॉस्पिटलच्या मानसशास्त्रज्ञ, निवृत्तीला आलेल्या, आवाज असा की कॉरिडॉरच्या टोकाला कुजबुजल्या तरी इकडं ऐकू यावं. त्यांचं एक वेगळंच काम होतं. काही माणसांच्या मेंदूत गाठ वाढते ती नेमकी बोलण्याच्या जागेला खेटून. तिथं आंधळेपणानं सुरी चालवली तर माणूस वाचेल, पण वाचा जाईल. म्हणून अशा वेळी रोग्याला ऑपरेशनच्या मधेच जागं करतात. मेंदूला स्वतःला दुखत नाही. सर्जन एकेका ठिकाणी अगदी सौम्य वीज लावून बघतो, आणि त्याच वेळी कुणीतरी रोग्यासमोर बसून त्याला चित्रं दाखवतं, प्रश्न विचारतं, बोलतं ठेवतं. बोलता बोलता शब्द अडला, की ती जागा राखून ठेवायची. मोठ्या बाई हे रोग्यासमोर बसायचं काम करायच्या, आणि त्यांना हाताखाली कुणीतरी हवं होतं.

भिंगरी पहिल्यांदा आत जाऊन आली त्या दिवशी दुकानात येऊन खुर्चीवर बसली आणि बोलतच सुटली. "मावशी, समोर माणूस आहे, त्याचा मेंदू उघडा आहे, आणि तो मला सांगतोय की हे चित्र छत्रीचं आहे! मी विचारते आणि तो उत्तर देतो!" मी एका गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवत होते. ते बिचारं फ्रेम तिथंच ठेवून, उद्या येतो म्हणून गेलं.

मोठ्या बाईंनी तिला सरळ सांगितलं, "नुसत्या उत्साहावर मी तुला रोग्यासमोर बसवणार नाही. तुला मेंदू माहीत आहे, आजारी माणूस माहीत नाही. रीतसर शिक." म्हणून भिंगरी पुन्हा शिकायला बसली. दिवसा ईईजीची खोली, संध्याकाळी मानसशास्त्राचे वर्ग. तिच्याबरोबरच्या मुली कुणी परदेशात, कुणी मोठ्या हुद्द्यावर, आणि ही पुन्हा बाकावर. ताईनं हात टेकले. भावोजींनी वर्कशॉपात तिच्याबद्दल बोलणंच बंद केलं. ती शिकून तयार झाली, मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी ती रोग्यांसमोर बसू लागली.

त्यानंतर तिच्याकडे आला तो दुभाषी.

पन्नाशी उलटलेला, नीटनेटका, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेला माणूस. उभा जन्म कोर्टात दुभाष्याचं काम केलेलं. साक्षीदार आपल्या भाषेत बोलणार, हा ते कोर्टाच्या भाषेत सांगणार. न्यायाधीश विचारणार, हा ते साक्षीदाराला सांगणार. साक्षीदारांची भाषा तीच त्याच्या घरची, कोर्टाची वेगळी. भिंगरीला दोन्ही येत होत्या, म्हणून तर ती त्याच्यासमोर बसू शकत होती. गाठ हळू वाढणारी होती, पण बोलण्याच्या जागेत शिरलेली.

ऑपरेशनच्या आधी तिनं त्याला आणि त्याच्या बायकोला समोर बसवून समजावलं. दोन भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूत काही जागा दोन्हींच्या सामाईक असतात, काही एकेकीच्या. आम्ही दोन्ही राखायचा प्रयत्न करू. पण वेळ आलीच, तर तुमच्या मतानं कुठली आधी?

दुभाषी हसला. "मॅडम, मी दुभाषी आहे. समोरचा बोलतो तेच सांगतो. स्वतःचं मत द्यायची मला मनाई आहे."

"इथं मनाई नाही."

तो गोंधळला. मग म्हणाला, "पोट कोर्टाच्या भाषेवर भरलं. तीच ठेवा. घरचं काय, खाणाखुणांनी चालेल."

त्याच्या बायकोनं इतका वेळ तोंड उघडलं नव्हतं. ती ताडकन म्हणाली, "इतकी वर्षं मी काय खाणाखुणांशी संसार केला?"

भिंगरीला हसू आवरेना आणि दुभाष्यालाही. पण बायको हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. भिंगरीनं त्यांना घाई केली नाही. घरी जा, बोला, मग सांगा, म्हणाली.

पुढच्या भेटीला तो आला तेव्हा वरचं बटण उघडं होतं. म्हणाला, "मी खूप विचार केला. कोर्टाच्या भाषेत मी आयुष्यभर बोललो, पण एकही वाक्य माझं नव्हतं. चोराचं बोललो, पोलिसाचं बोललो, न्यायाधीशाचं बोललो. माझं स्वतःचं मी बोलतो ते फक्त भांडताना. आणि भांडतो मी घरच्या भाषेत. ती ठेवा."

बायको म्हणाली, "म्हणजे भांडायचं सोडणार नाही म्हणतोय, ऐकलंत ना?" पण हे म्हणताना तिनं त्याचा हात धरला होता.

ऑपरेशनच्या दिवशी भिंगरी निळ्या कापडाच्या तंबूत त्याच्या तोंडासमोर बसली. त्याचं डोकं घट्ट बसवलेलं, मान हलत नाही, फक्त डोळे आणि ओठ. तंबूच्या पलीकडे सर्जन. ती चित्र दाखवणार, हा एकदा घरच्या भाषेत नाव सांगणार, एकदा कोर्टाच्या. कात्री. शिडी. कुलूप. सर्जननं वीज लावली आणि घरच्या भाषेतला घोडा ओठांवर येऊन थांबला, कोर्टाच्या भाषेतला मात्र सुखरूप बाहेर पडला. ती जागा राखली. दुसऱ्या एका जागी नेमकं उलटं झालं. तीही शक्य तेवढी राखली. मग सर्जन गाठ काढू लागला, आणि ही बोलत राहिली, बोलवत राहिली.

बराच वेळ सगळं नीट चाललं. मग तो मंदावला. चित्र बघायचा, ओठ ओले करायचा, नाव यायला उशीर लागायचा, पण यायचं.

"जरा मंद झालेत," तिनं सांगितलं.

"दमला असेल," पलीकडून सर्जन म्हणाला. "थोडीच राहिलीय आता. तुला काय वाटतं?"

ती मला नंतर म्हणाली, "मावशी, तो प्रश्न फार वाईट असतो. दमलेला माणूस आणि शब्द हरवत चाललेला माणूस सुरुवातीला हुबेहूब सारखे दिसतात. पुस्तकात दोघांची लक्षणं वेगळी दिलीयेत. समोर बसलं की वेगळी दिसत नाहीत."

तिनं चित्रं बाजूला ठेवली. घरच्या भाषेत त्याला म्हणाली, "तुमच्या बायकोनं तुमचा शर्ट चुकून रंगीत कपड्यांत धुतला. पार गुलाबी झालाय. काय म्हणाल तिला?"

त्याच्या डोळ्यांत हसू आलं. त्यानं तोंड उघडलं, काहीतरी शोधलं, आणि मग अगदी शांतपणे, अदबीनं, कोर्टाच्या भाषेत म्हणाला, "हरकत नाही. कृपया पुढच्या वेळी काळजी घ्यावी."

"डॉक्टर, थांबा," भिंगरी म्हणाली.

"नक्की?"

"नक्की नाही. पण थांबा."

सर्जन थांबला. गाठीचा थोडासा भाग आत राहिला.

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस दुभाषी कुठल्याच भाषेत धड बोलेना. असं होतं, हे आधी सांगितलेलं होतं, तरी बायको खचली. भिंगरी रोज जाऊन बसायची. हळूहळू घरची भाषा परतली, आधी शिव्या, मग नावं, मग वाक्यं. कोर्टाची भाषा ऐकून कळायची, वाचता यायची, पण बोलायला गेला की तो चाचपडायचा. कोर्टात साक्षीदाराच्या वेगानं धावणं आता जमणार नव्हतं. त्यानं ती नोकरी सोडली. आता तो घरी बसून कागदपत्रांचं भाषांतर करतो, सावकाश. बायको सांगते, दिवसभर घरात आहे आणि पूर्वीपेक्षा जास्त भांडतो. गाठीचा उरलेला भाग अजून शांत आहे. दर काही महिन्यांनी मेंदूचा फोटो काढायचा आणि निकाल येईपर्यंत सगळ्यांनी श्वास रोखून बसायचं.

भिंगरीला हे सोपं गेलं नाही. आणखी थोडं काढलं असतं तर? तो खरंच दमलेलाच असता तर? ती हे मला विचारायची, स्वतःला विचारायची, आणि शेवटी एकदा तिनं सर्जनलाच विचारलं. तो हात धूत होता. म्हणाला, "सुरी माझ्या हातात होती. तू सांगितलंस, मी थांबलो. वाटून घे हवं तर, पण सगळं एकटीनं घेऊ नकोस." ती म्हणते, एवढं बोलून तो पाणी बंद न करताच निघून गेला आणि नळ तिनं बंद केला.

भावोजींचं म्हणाल, तर तिचं काम पटल्याचं त्यांनी कधी तोंडानं कबूल केलं नाही. पण मध्यंतरी त्यांच्या वर्कशॉपातल्या एका कारागिराच्या भावाला अर्धांगाचा झटका आला, बोलणं गेलं. भावोजींनी भिंगरीला फोन करून विचारलं, "अशा माणसाशी बोलायचं कसं?" ती त्यांना बराच वेळ समजावत होती. हळू बोला, त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, वाट बघा. भावोजींसारखा तापट माणूस पलीकडून नुसता "हं, हं" करत होता. मग म्हणाले, "थांब, मी पेन घेतो."

अलीकडे विद्यापीठानं तिला बोलावलं होतं. मेंदूविज्ञान शिकणाऱ्या मुलांना पुढं काय करता येईल, ते सांगायचं होतं. मीही गेले, मागच्या रांगेत बसले. मुलांना शिडी हवी होती, पहिली पायरी ही, दुसरी ती. तिनं उंदरांचं सांगितलं, बिस्किटांचं सांगितलं, तळघराचं सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "म्हणजे तुमची ती वर्षं वायाच गेली ना?" "काही गेली," भिंगरी म्हणाली. "सगळंच उपयोगी पडलं असं म्हणायला छान वाटतं, पण बिस्किटांचं काही उपयोगी पडलं नाही. तुम्ही फक्त एक बघा. दिवस संपल्यावर तुम्हाला त्यातलं काही कुणाला तरी सांगावंसं वाटतंय का. मला बरीच वर्षं नव्हतं वाटत." जुन्या मॅडम पहिल्या रांगेत होत्या. नंतर त्या भेटायला आल्या, तिच्या दंडाला हात लावला, आणि लगेच नव्या प्रयोगाबद्दल बोलू लागल्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

सध्या ती खुणांची भाषा शिकतेय. जन्मापासून ऐकू न येणारी एक बाई ऑपरेशनसाठी यायची आहे, ती हातांनीच बोलते. तिला जागं केल्यावर तिचे हात मोकळे कसे ठेवायचे, उजव्या हातातली सलाइनची सुई दुसरीकडे कुठं लावायची, तंबूत पुरेसा उजेड कसा करायचा, यावर भिंगरीची आणि सर्जनची खडाजंगी चाललीय. संध्याकाळी ती माझ्या दुकानात येते आणि आरशासमोर हात हलवत बसते. काल काकू आल्या, बघत राहिल्या, आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिचं सगळं ठीक आहे ना गं?"

"ठीक आहे," मी म्हटलं. "पाणी हवंय का विचारतेय तुम्हाला."

काकूंनी मान डोलावली. भिंगरीनं नाही म्हणून मान हलवली. हातानं सांगा, अशी खूण केली. काकूंनी इकडंतिकडं बघितलं, पिशवी काउंटरवर ठेवली, आणि दोन्ही हात वर केले.